नव्या सुरीची चव

वेस्ट विंडसर, २० सप्टेंबर, शनिवार
आधी एक दुरुस्ती. काल मी लिहिलं की इथे पोचले तेव्हा दार वीणाकाकूंनी उघडलं. ते गुरुदत्तकाकांनी उघडलं. काकू मागे उभ्या होत्या, उजवा हात ओढणीखाली. माझी पहिली शाळा घरातच झाली, आणि पाहिलं तेवढंच लिहायचं हा आईचा पहिला धडा.

बाकी सगळं छान आहे. खोली उजेडाची, जेवायला गरम वरणभात, आणि ज्यासाठी इथे राहायला आले ते काम मनासारखं: काकांच्या जुन्या बटरफ्लाय सुऱ्यांचे फोटो काढायचे, माहिती लिहायची. दोन मुठी पंखांसारख्या उलगडतात आणि मधून पातं निघतं. काका निवृत्त सर्जन. एका हातात सुरी अशी फिरवतात की मी टाळ्याच वाजवल्या. म्हणाले, ज्ञानदाबाई, उद्यापासून तिकीट लावतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार
शिंगाच्या मुठीच्या एका सुरीवर, बिजागरीपाशी तपकिरी डाग दिसला. गंज समजून पुसायला घेतला तर काका केवढ्याने ओरडले. जुन्या पोलादाला नुसतं तेल पुरत नाही म्हणाले. मग हसून स्वतः चहा करून दिला.

काकूंच्या तळहातावर टाके आहेत. विळीवर कापलं म्हणाल्या. या घरात मला विळी दिसलेली नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
तो गंज नव्हता.

दुपारी पार्सलमधून नवी सुरी आली. काकांनी काकूंचा हात ओट्यावर उताणा दाबला आणि पातं तळहातावरून ओढलं, अगदी सावकाश. काकू ओरडल्या नाहीत, माझ्याकडे बघून मानेनेच जा म्हणाल्या. मग काकांनीच टाके घातले. मला कापूस मागितला. मी दिला. मी दिला!

२८ सप्टेंबर, रविवार
पोलिसांना फोन केला. ते आले. काकूंनी त्यांनाही विळीच सांगितली. ते गेल्यावर काकांनी काकूंच्या करंगळीचं टोक — लिहवत नाही. कापलं. माझा फोन आता त्यांच्या खिशात आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार
काकू कानात बोलल्या. बुधवारी खंडेनवमी. सगळ्या सुऱ्या पूजेला मांडल्या की दसऱ्यापर्यंत काका एकीलाही हात लावत नाहीत. सासूबाईंची शिस्त, आजवर मोडलेली नाही. गाडीची किल्ली काकूंकडे आहे. तू एकटी जा म्हणत होत्या. मी नाही म्हटलं. बुधवारी, दोघी.

३० सप्टेंबर, मंगळवार
काका चौरंग मांडतायत. आणखी एक पार्सल आलं — न चाखलेलं शस्त्र पूजेला चालत नाही म्हणे. वीणाच्या हातावर टाक्यांना जागाच उरली नाही, म्हणून हसले. मग मला विचारलं, तू डावखुरी की — लिहायचा हात सोडून दुसरा —

काकू चपला घालतायत. किल्ली माझ्या मुठीत.

उद्यापर्यंत थांबायचं नाही. आजच. दुरुस्ती: बुधवार नाही. मंगळवार, तीस सप्टें—