बीटचा लाल

३ मार्च, सकाळी साडेदहा

वेळ मुद्दाम लिहिते. याच वेळी कापड रंगवायच्या कारखान्याच्या मालकाने धाकटीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि वर हसून सांगितलं की बाई, तुमची बहीण मूत्राशयाच्या कॅन्सरने गेली त्याला आम्ही काय करणार, आमचा लाल म्हणजे निव्वळ बीट! बघतेच, म्हटलं.

खोली मात्र झकास. खिडकीत ऊन, पांढऱ्याशुभ्र भिंती, वरच मालकाचं घर. भांडायला लांब जायला नको. पडदे लावले, चहा केला. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी एकच खोड लावली: उत्तर मिळेपर्यंत वर केलेला हात खाली घ्यायचा नाही.

५ मार्च

भिंतीवर लाल पंजा उमटलाय. कारखान्याचा मुकादम म्हणाला, ओल असेल. ओलीला पाच बोटं असतात होय? लिंबू पिळलं, निळा झाला. धुण्याचा सोडा चोळला, पुन्हा लाल. बीटला हे जमत नाही. हा काँगो रेड, कापडाचा रासायनिक रंग. यात नायट्रोजनच्या जोड्या हातात हात धरून असतात, म्हणून तो लाल दिसतो. पोटात गेला की ते हात सुटतात आणि मूत्राशयाचा कॅन्सर करणारं विष मोकळं होतं. धाकटीने या कारखान्यात ती पूड वर्षानुवर्षं उघड्या हातांनी कालवली.

पंजाच्या अंगठ्याखाली आडवा व्रण. लहानपणी धाकटीला तिथेच काच लागली होती. पट्टी मीच बांधली होती.

७ मार्च

पंजा दाराशी सरकला. मालकाला बोलावून दाखवला. चष्मा बदला म्हणे. जाताना मेल्याने नेमका त्यावरच हात टेकला.

९ मार्च

मालकाचे तळवे लाल झालेत. साबणाने जात नाहीत. बायकोने लिंबू चोळलं तर निळे पडले. मुकादम घाबरून सांगत होता की आता लघवीही लाल होतेय. मला हसू आलं. हो, आलं!

१० मार्च

पंजे जिन्यावर. वर चाललेत. मी पुसणार नाही. का पुसू?

११ मार्च

माझेही तळवे — सोडा मीच चोळला होता. धाकटे, अगं, मी तुझ्या बाजूची —

१२ मार्च, सकाळ

कुणीतरी माझा हात धरलाय. रस्ता ओलांडताना ती धरायची तस्सा. जिन्याकडे ओढतेय. दिसत नाही — व्रण लागतोय बोटांना —

मालक, हे पान फाडून तुमच्या दाराखाली सरकवतेय. कडी लावून उपयोग नाही. काँगो रेड वापरला, त्यानेच ती गेली, एवढं लिहा. सहीनिशी. आज दुपारी बाराच्या आत. मी तिला धरून ठेवलंय, पण माझी बोटं आता — आणि हा हात सुटला की —