आईच्या पिकअपचा नवा कार्बोरेटर

आई, तुझ्या पिकअपचा कार्बोरेटर मी बदलला. नुसता तोच नाही, त्याच्याखालचं बिडाचं जड मेनिफोल्डही उतरवलं आणि हवा मोकळी आत जाईल असं मोठ्या तोंडाचं बसवलं. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी बॉनेट उघडून फक्त पाणी आणि ऑइल बघत होते. बाकी सगळं तू ठेवलंस तसंच होतं.

कारण तुला ठाऊक आहे. बाबा बोटीवर, आठ-आठ महिने घरी नाहीत, आणि आंब्याच्या पेट्या रत्नागिरीला पोचवायच्या त्या तूच. मी चौदा वर्षांची असेन. गाडी अंगणात फुरफुरतेय, बंद पडतेय, आणि तू बागेत गेलेली. तुला मदत म्हणून मी कार्बोरेटर उघडते, पेट्रोल सोडणारं पितळी जेट काढते आणि त्याच्या बारीक भोकात तार घालून फिरवते. तू येतेस, जेट उजेडात धरतेस. ओरडत नाहीस. "अगो, जेटला फुंकर मारायची असते, भोसकायचं नसतं. भोक मोठं झालं, आता हिला कितीही पेट्रोल पाजलं तरी पुरायचं नाही." मग आठवडाभर तू माझ्याशी कामापुरतंच बोललीस. आणि पुढच्या रविवारी मला सड्यावर नेलंस, काही न सांगता शेजारच्या सीटवर सरकलीस आणि स्टेअरिंग माझ्या हाती दिलंस. त्या मोकळ्या कातळावर मी गोल गोल गाडी फिरवत राहिले, तू खिडकीबाहेर हात टाकून सुपारी चघळत बसलीस.

यंदा भरल्या पेट्यांनिशी आरेवारेचा चढ तिला चढवेना. भाऊ म्हणाला, विकून टाकू, टेम्पो घेऊ. मी सावर्ड्याहून एक जुने मिस्त्री बोलावले. त्यांनी दाखवलं, कार्बोरेटरच्या थ्रॉटलची दांडी झिजून सैल झाली होती, तिथून नको ती हवा आत शिरत होती, आणि तो भाग आता कुठे मिळत नाही. त्यांनीच हा बदल सुचवला. मी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

काम तीन दिवस चाललं. नवा कार्बोरेटर दोन घशांचा आहे, जोर लागला की दुसरा उघडतो. तो उंच, म्हणून एअर फिल्टर बॉनेटला टेकायला लागला. मग चपटा शोधून आणला. एवढं करून गाडी सुरू केली तर ती एका चालीत राहीना. मिस्त्री स्क्रू फिरवून दमले. मला मात्र मागच्या बोल्टापाशी बारीक फुसफुस ऐकू येत होती. उघडून पाहिलं तर जोडातलं गॅस्केट नीट बसलं नव्हतं; ते बसवल्यावर ती एका चालीत आली. मिस्त्रींनी विचारलं, "ताई, कुठे शिकलात हे?"

मी म्हटलं, "घरी."

गेल्या सोमवारी चाळीस पेट्या घेऊन ती आरेवारे दुसऱ्या गियरमध्ये चढली, कुठे अडखळली नाही. शेजारी भाऊ होता. विकायचा विषय त्याने काढला नाही, उलट परतताना मीच चालवतो म्हणाला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहायला धजते आहे. गाडी आता तुझ्या वेळेपेक्षा चांगली चालते. तू असतीस तर मी तिला हात लावला नसता, आणि लावला असता तरी हे तुझ्या तोंडावर मला बोलता आलं नसतं.