गुरुवारी दार उघडे ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, धंदा कुलपे दुरुस्त करण्याचा व किल्ल्या बनवण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. 'मी नशेच्या अंमलाखाली नाही' हे वाक्य वकिलांनी घातलेच होते. त्यात मी 'आज' हा शब्द घालायला लावला. दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या गटात उद्याची हमी कोणी देत नाही. वकील म्हणाले, "असं कुठं लिहितात का?" म्हटलं, "अकरा वर्षं असंच चाललंय, साहेब."

१. पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते पिऊन केले होते. त्यात मुलीला बेदखल करून घर गुत्तेवाल्याला दिले होते. दुसऱ्या दिवशी गुत्तेवाला स्वतःच कागद परत घेऊन आला.

२. घर मुलीला. ती तिथेच राहते, मी दुकानामागच्या खोलीत. एका संध्याकाळी तिने कुलूप बदलून मला बाहेर ठेवले. गावाची दारे उघडून देणारा मी, नशेत हत्यार धरता येईना म्हणून स्वतःच्या पायरीवर बसलो. शुद्धीवर आल्यावर गट गाठला. पुढे माफी मागायला गेलो तर म्हणाली, "बाबा, माफी पुष्कळदा ऐकलीय. उद्या असेच शुद्धीत या." तेव्हापासून रोज जातो. चहा मिळतो, किल्ली नाही. मला ती पाच मिनिटांत बनवता येते. बनवलेली नाही. मिळावी असे मात्र फार वाटते.

३. माझी सर्व हत्यारे कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला. घराचे ते नवे कुलूप त्यानेच बसवले होते. त्याबद्दल मी त्याला चारचौघांत शिव्या दिल्या, त्या परत घेतो. कुलूप तिरके बसवले आहे, हे मत कायम आहे.

४. दुकान गटाला द्यायचे होते. गटाने हात वर करून नकार दिला. गटातले मास्तर म्हणाले, "जागा आली की मालक येतो, मालक आला की भांडण. आणि भांडलो की आपण कुठं जातो, ठाऊक आहे ना?" बऱ्याच चर्चेनंतर फक्त चहाची किटली स्वीकारली. म्हणून दुकानही मुलीला. दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते सात गटाची बैठक तिथे भरते, तेवढा वेळ तिने दार उघडे ठेवावे, कोणी झिंगत आला तरी. ही अट नाही. आमच्यात हुकूम सोडत नाहीत, नुसते सुचवतात. तिने नाही म्हटले तर माझी तक्रार नाही. वाईट वाटेल, ते वाटू द्यावे.

स्थळ: दुकानातले कामाचे टेबल.
दिनांक: आजचा गुरुवार, न पिता.

सही: (वाचता येते)

साक्षीदार:
१. शेजारचे चष्मेवाले.
२. गटातले मास्तर. पूर्ण नाव मला आजच कळले, आणि आडनाव न विचारण्याच्या गटाच्या रिवाजाप्रमाणे मी ते विसरलो आहे.

(खाली, वेगळ्या अक्षरात)

वारस म्हणून माझी साक्ष चालत नाही असं वकील म्हणतात, तरी लिहिते. सात नाही, आठपर्यंत. तुमची माणसं बैठकीतून वेळेवर कधी उठली आहेत? घराची किल्ली सोबत ठेवली आहे. उद्या बेल वाजवू नका.