चालते व्यवस्थित

शेणवा, ६ नोव्हेंबर २०२४

ती. चंद्रकलाताईस, भाविकचा सा. न. वि. वि.

तुमच्याकडे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र नामाच्या जीपने पाठवतोय. दामिनीने पाचवीत शाळा सोडली त्याला सहा वर्षं झाली. शाळा सुटलेल्या मुलांसाठी आम्ही चालवतो त्या वर्गात ती आता चांगली वाचते. पण ते दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय तिला मुरबाडच्या दहावीच्या तुकडीत घेत नाहीत. तिथे राहायची सोय आहे. यादी महिनाअखेर बंद होते.

मामाने भाचीची परीक्षा घेऊ नये असा नियम. म्हणून माझ्याबरोबर काम करणारा शेखर रविवारी घरी येईल. वर्गात एकाचं वाचन ऐकून बाकीचे पाठ करतात, म्हणून घरी. मुलगा चांगल्या घरचा, शांत आहे. काही विचारेल, वाचायला देईल, आठवड्यात कळवेल. घाबरू नका. भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझा भाविक

वैशाखरे, ११ नोव्हेंबर

चि. भाविकास अनेक आशीर्वाद. मी सांगते, दामिनी लिहिते.

तुझं पत्र दामिनीने वाचलं तेव्हा भाताची झोडणी चालली होती. त्यात जेवढं ऐकू आलं तेवढ्यावर तयारी केली. मुलगा आमाला पसंत आहे. पोहे खाल्ले, परत मागितले नाय. हुंडा, जमीन, काय विचारलं नाय. तिला वाचायला कागद दिला. हल्ली शिकलेली मागतात, ते आमी समजून घेतलं. दामिनी वळणाची आहे, मान वर केली नाय, आवाज चढवला नाय. ह्यांनी मधे सांगितलं की वाचते, भात पण लावते. तो गप्पच, म्हणून मीच तिला ओटीवर चालून दाखवायला लावलं. ते पण त्याने लिहून घेतलं.

आठवड्यात कळवतो म्हणाला. सगळे तसंच म्हणतात. खरं काय ते तू विचार. तब्येत सांभाळ, बहिणीला विसरू नको.

चंद्रकला

शेणवा, १४ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

खरं काय ते विचारलं. शेखर दामिनीला बघायला आला नव्हता, तिचं वाचन तपासायला आला होता. त्याच्या कागदावर असं आहे: वाचन ऐकू आले नाही. स्तर, अक्षरओळख. शेरा, चालते व्यवस्थित.

म्हणजे जिने तुझं पत्र लिहिलं तिला वाचता येत नाही अशी नोंद झाली. ते पत्र मी त्याला दाखवलं. तो म्हणाला की अक्षर छान आहे, पण नियमाप्रमाणे कानाने ऐकावं लागतं. चूक तिची नाही, आपल्या घरची आहे, म्हणून तो परीक्षा परत घेईल. रविवारी तिला शेणव्याला आण. मी त्या दिवशी बाहेर थांबेन. पोहे करू नकोस. भावोजींना घरी ठेव. या वेळी ऐकू येऊ दे, एवढीच विनंती.

भाविक

वैशाखरे, १८ नोव्हेंबर

ती. मामांस दामिनीचा शि. सा. न.

काल तुम्ही चहाच्या टपरीवर होतात, म्हणून कळवते. मागच्या वेळी कागद हातात आला तेव्हाच मला सगळं वाचता येत होतं. पण आई दाराआडून मान खाली घालायची खूण करत होती. तिच्या पत्रात मी हे घातलं नाही, कारण ती सांगते तेवढंच लिहायचं असतं.

काल उभी राहून वाचलं. शेखर सर म्हणाले की कळलं, थांबलीस तरी चालेल. मी थांबले नाही. परिच्छेद संपला तेव्हा खालची बारीक ओळही वाचली. ही सूचना विद्यार्थ्याला दाखवू नये, असं तिथे होतं. रस्त्यावरच्या एका बाईने डोकावून विचारलं की कुणाचं भांडण चाललंय. सरांनी समोरच यादीत नाव घातलं.

परतताना जीपमध्ये आईने विचारलं की मग हा होकार धरायचा का. मी म्हटलं, धर. पण मुरबाडला मी एकटीच जाणार आहे. किन्हवली आली तेव्हा तिने माझी ओढणी नीट केली. मग म्हणाली की तिथे थंडी असते, गोधडी ने.

मामीला नमस्कार. लोभ असाच राहू द्या. हे पत्र मीच सांगितलं, मीच लिहिलं.

दामिनी