रोज बघणारी माणसं

बाबा, मी आता तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे, तरी तुम्हाला अहो-जाहोच करणार, सवय कुठे जाते. तुम्ही पन्नाशी धड गाठली नाहीत आणि मी ती कधीच ओलांडून बसले. भिंतीवरच्या फोटोतले तुम्ही आता माझे धाकटे भाऊ शोभाल. परवा नवीन कामवाली आली. झाडू मारता मारता फोटोपाशी थांबली आणि आईला म्हणाली, "मुलगा का हो आजी तुमचा?" आई डाळ निवडत होती, ती निवडतच राहिली. मीच म्हटलं, "नवरा आहे त्यांचा." बाई ओशाळली बिचारी, पण तिचं काय चुकलं? फोटो तुमच्या कंपनीच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. त्यात तुम्ही चाळिशीच्या आतले, आणि समोर ऐंशीला टेकलेली म्हातारी. कुणीही मुलगाच म्हणेल. त्या दिवसापासून हे सगळं कुणाला तरी सांगावंसं वाटतंय आणि सांगायला माणूस नाही, म्हणून तुम्हाला धरलंय.

तुमच्या पश्चात मी चष्म्याच्या दुकानात लागले, स्टेशनजवळ, पूर्वेला. अजून तिथेच आहे. नंबर काढायला आमचे सर आहेत, मी फ्रेम दाखवते, चष्मा नाकाकानावर नीट बसवून देते. चाळिशी लागलेलं गिऱ्हाईक मला दारातूनच कळतं, मोबाईल हातभर लांब धरलेला असतो. "मला तसं काही नाही हो, हल्ली छापतातच बारीक," असं म्हणतच आत येतात. मग चष्मा तयार होतो, डोळ्यांवर चढतो, आणि समोर ठेवलेला वाचायचा कागद सोडून माणसं काउंटरवरच्या आरशात बघतात. बघतात, चष्मा काढतात आणि पुन्हा घालून बघतात. कितीतरी वर्षांनी स्वतःचं तोंड जवळून स्वच्छ दिसलेलं असतं. एक बाई मला म्हणालेली, "तुमचा आरसा बरोबर नाही." मी म्हटलं, नसेल. काय वाद घालायचा? तिने चष्मा घेतला, पण जाताना घरात घालायचाच आहे फक्त, असं मला दोनदा सांगून गेली.

ऊन, झोप, साखर, काळजी, अशी कारणं सांगतात सगळे. असतीलही. पण हळूहळू म्हातारं होतं माणूस, यावर माझा विश्वास नाही. माणूस एका दिवसात म्हातारं दिसायला लागतं, आणि तुमचा दिवस मला माहीत आहे. माझी सहामाही संपलेली, मी घरी. तुम्ही पहिल्या पाळीला गेलेले, आणि दुपार व्हायच्या आत दारात उभे. कंपनीच्या गेटला कुलूप लागलेलं. रंगाची कंपनी तुमची, नखांच्या कडा कायम निळ्या असायच्या, त्या तशाच निळ्या घेऊन तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसलात आणि डबा उघडलात. आई म्हणाली, "अहो, गरम करून देते." तुम्ही म्हणालात, "नको. डब्यातलंच खातो." गार पोळी आणि भेंडी तुम्ही खाताय, आई ओट्याला टेकून उभी आहे, आणि मी तुमच्या मागे माठापाशी. मला फक्त तुमची मान दिसतेय. ती मान आजोबांची होती, बाबा. तशीच कातडी सुटलेली, तशीच मध्ये खळी पडलेली. सकाळी निघताना ती तशी नव्हती, मी शपथेवर सांगेन. पण आईला यातलं काही दिसलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. "तुझे बाबा गेले तेव्हा एक केस पांढरा नव्हता," असं ती अजून सांगते. होते हो बाबा, कानशिलांवर चांगले पांढरे होते.

दिसलं तरी बोलायचं नाही, हे तर तुम्हीच शिकवलंत. मे महिन्यात कोकणात जाऊन आलेलो, आणि जिन्यातच मी खालच्या मजल्यावरच्या काकूंना म्हटलं, "काकू, तुमचे केस पिकले की." काकू हसल्या. तुम्ही मात्र घरात शिरल्या शिरल्या मला झापलंत. "रोज बघणाऱ्याला दिसत नाही. तू महिनाभर नव्हतीस म्हणून तुला दिसलं. असं दिसलं तर तोंड बंद ठेवायचं." मला राग आलेला. खरं तेच तर बोलले होते मी. आता कळतं की ते नुसतं वागायचं वळण नव्हतं, तुम्हाला त्यातलं काहीतरी ठाऊक होतं. आई आणि त्या काकू रोज संध्याकाळी जिन्यात बसून भाजी निवडायच्या. आमटीची वाटी खाली जायची, भाजीची वर यायची. वर्षानुवर्षं दोघी एकमेकींना रोज बघत होत्या, आणि म्हणून दोघींपैकी कुणीच म्हातारी होत नव्हती. सगळ्या बिल्डिंगचं तेच. आम्ही एकमेकांना जपून ठेवलेलं होतं, न कळत.

मग बिल्डिंग धोकादायक ठरली. खांबांना तडे गेलेले, स्लॅब पडायला लागलेले, महापालिकेची नोटीस आली आणि आम्ही सगळे बाहेर पडलो. नवीन उभी राहीपर्यंत कुणी खडवलीला स्वस्तात घर घेतलं, कुणी गावी गेलं, काकू तिकडे ठाण्याला, बाळकुमला मुलाकडे, बाविसाव्या मजल्यावर. मी आणि आई इथे डोंबिवलीतच भाड्याने. समोरच्या दारामागे कोण राहतं ते वर्षभर कळलं नाही. लिफ्टमध्ये माणसं भेटतात, ती मोबाईलमध्ये बघत असतात. काकूंची भेट अशी झालीच नाही, पण आईचा धीर सुटला नव्हता, कारण फोन होता. दुपारी काकूंचा फोन यायचा, "झाला का चहा?" इथून सुरुवात, आणि मग तास न् तास. दोघींचं ठरलेलं होतं की नव्या बिल्डिंगमध्ये शेजारी शेजारी घरं घ्यायची आणि मधल्या पॅसेजमध्ये खुर्च्या टाकून बसायचं. कमिटीच्या मागे लागून दोघींनी तसं करूनही घेतलं. आईचा सगळा जीव त्या पॅसेजमध्ये अडकलेला. "एकदा घरी जाऊ दे, मग मेले तरी चालेल," म्हणायची, आणि म्हणताना चांगली खुशीत असायची.

मधल्या काळात मी तिचे डोळे करून घेतले. दोन्ही मोतीबिंदू पिकलेले, ती तयार नव्हती, मीच हट्ट केला. चष्म्याच्या दुकानात काम करते आणि घरात आई चाचपडत चालते, हे मला बरं दिसेना. पट्टी निघाली तशी घरी आल्यावर पहिल्यांदा तिने मला कोपऱ्यातली जळमटं दाखवली आणि मोरीच्या लाद्यांवरून माझी खरडपट्टी काढली. मला इतकं हसू आलं. मग तिने आपले दोन्ही हात उजेडात धरले, उलटसुलट केले आणि म्हणाली, "हे असे कधी झाले गं?" मी म्हटलं, "म्हातारी झालीस आई." थट्टेत म्हटलं.

आपल्या बिल्डिंगचा सव्वीस जानेवारीचा सत्यनारायण तुम्हाला आठवत असेल. घरं रिकामी झाल्यावर तो बंदच होता. या खेपेला सगळ्यांनी ठरवलं की नवी इमारत जवळजवळ उभी आहे ना, मग तिच्या खाली, गाड्या लावायच्या जागेत पूजा करू. आई सकाळपासून तयार. ठेवणीतली साडी, काकूंसाठी घरचे डिंकाचे लाडू. आम्ही पोचलो तेव्हा पोथी चाललेली, लाउडस्पीकरचा कान फुटेल असा आवाज. ओळीने प्लास्टिकच्या खुर्च्या. मी आईला एकीवर बसवलं आणि शिऱ्याचं बघायला गेले. परत आले तर तिच्या शेजारी एक म्हातारी बसलेली, वाकलेली, तोंडाचं बोळकं, डोक्यावर केस विरळ. आई तिच्या कानाशी ओरडून विचारतेय, "आपण कुठून आलात?" ती म्हणाली, "बाळकुमहून." आईचा चेहरा फुलला. "अगंबाई, आमच्या खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण पण तिथेच असते हो मुलाकडे. येणार आहे आज. ओळखता का तुम्ही?"

त्या बाईने आईकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं, आणि मग म्हणाली, "अगं, मीच ती."

हे आजूबाजूच्यांनी ऐकलं आणि एकच हशा पिकला. कुणीतरी गुरुजींनाही सांगितलं. काकूही हसल्या, आई हसली, मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण हसता हसता माझी नजर खुर्च्यांवरून फिरली आणि माझं हसू गेलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका, जे जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे, ते काठी घेऊन बसलेले. तळमजल्यावरची माझ्याबरोबरची मुलगी, मुलगी म्हणतेय मी, तिने केस रंगवायचे सोडून दिलेले. सगळे एकमेकांकडे चोरून बघत होते. पाच-सहा वर्षांत एवढं? आणि ते माझ्याकडे बघून तेच म्हणत असणार.

रिक्षात लाडूंचा डबा आईच्या मांडीवर तसाच. घर जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "तू माझे डोळे करून आणलेस आणि सगळी माणसं म्हातारी झाली." मी रिक्षावाल्याला वळण सांगितलं.

त्यानंतर दुपारचा फोन यायचा थांबला. आईही लावेना. आज लागेल उद्या लागेल म्हणत मी वाट बघितली आणि शेवटी दुकानातून मीच काकूंना फोन लावला. म्हटलं, काकू, आई मनाला लावून घेऊन बसलीय, तुम्ही रागावलात का? त्या म्हणाल्या, "तिने ओळखलं नाही त्याचं काही नाही गं. मी तरी कुठे ओळखलं होतं तिला? कुणीतरी म्हातारी आहे, विचारतेय, म्हणून उत्तर देत होते. ती माझ्याबद्दलच विचारायला लागली तेव्हा कळलं." मी म्हटलं, मग फोन का बंद केलात? तर म्हणाल्या, "आधी फोनवर तिचा आवाज आला की मला आपली जिन्यातली ती दिसायची. आता ती खुर्चीवरची दिसते. आणि तिलाही मी तशीच दिसत असणार. नको वाटतं गं." फोन ठेवला आणि मी काउंटरमागे बसून रडले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, सरांनी बघून घेतलं.

आईने हाय खाल्ली ती तेव्हापासून. जेवण चिमणीएवढं. मागच्या महिन्यात नव्या घराची किल्ली मिळाली. मी ती तिच्या हातात दिली तर तिने बघितलीसुद्धा नाही, म्हणाली, "भाड्याने देऊन टाक." मी म्हटलं, अगं, एवढी वर्षं जीव टांगणीला लावून बसलीस, तुझी माणसं आहेत तिथे. "माझी माणसं नाहीत ती," आई म्हणाली. "सगळी म्हातारीकोतारी आहेत. मला कोण ओळखणार तिथे? काकूंनीही दिलंय म्हणे त्यांचं भाड्याने." मी चिडले, बोलले, नको ते बोलले. मग दोन दिवस मनधरणी केली. काही उपयोग नाही, बाबा. तुम्ही नखं निळी करून घेतलेलं घर आहे ते. तिथे आता दुसरी माणसं राहतील आणि आई या परक्या खिडकीत बसून संपेल. मला दुसरं काही होताना दिसत नाही. देवावर सोडावं असंही आता वाटत नाही.

तुम्ही असतात तर काही केलं असतंत का, माहीत नाही. तुम्हीही म्हातारे झाला असतात. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, आईला सापडण्याआधी फाडायचे आहेत, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. काल संध्याकाळी मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. आई खिडकीशी. मध्येच म्हणाली, "मी कशी दिसते गं?" मी म्हटलं, "छान दिसतेस." ती म्हणाली, "बघून सांग." मी म्हटलं, "बघितलं की." बघितलं नव्हतं, बाबा. पूजेहून आल्यापासून मी तिच्या तोंडाकडे बघतच नाही. औषध देते, ताट वाढते, बोलते, सगळं करते, पण नजर दुसरीकडे ठेवून. या जगात तिला रोज बघणारी एक मीच उरले आणि माझ्याने ते होत नाही. तिची वेणी घालताना तेवढं बरं पडतं, मागे बसता येतं.