मंगळाचं आभाळ आणि सरूचा फोटो

२२ जुलै १९७६, गुरुवार
हायस्कूलचे शास्त्राचे सर स्टुडिओत आले. हातात पेपरचं कात्रण. मंगळावर यान उतरलंय, तिथली जमीन, दगडधोंडे. सगळं काळंपांढरं. शाळेच्या प्रदर्शनाला मोठं करून रंगवून पाहिजे. म्हणलं, सर, मी लग्नाचे, मयताचे फोटो रंगवतो, मंगळ कधी रंगवला नाही. "अण्णा, शिरूरमध्ये तुमच्याशिवाय आहे कोण?" चढलो हरभऱ्याच्या झाडावर.
जमीन तांबडी, आभाळ निळं. पेपरात तसंच आलंय म्हणे.

२४ जुलै, शनि.
झकास जमलंय. आभाळ आपल्या घोडनदीवर असतं तसं. लीलाला दाखवलं, पण पोरीचं लक्ष कुठं. आरशापुढं पावडर थापत होती. उद्या दौंडचे पाहुणे तिला बघायला येणार.

२५ जुलै, रवि.
पाहुण्यांतल्या म्हातारीनं भिंतीवरचा सरूचा फोटो बघितला. "आई येवढी गोरीपान, आन् पोरगी कुणावर गेली?" लीला चहा ठेवून आत गेली ती बाहेर आलीच नाही. मागनं समजूत घालायला गेलो तर, "म्हातारी काय खोटं बोलली, आबा?"
सरू गेली तेव्हा ही तीन वर्षांची. आई म्हणजे तिला तो फोटोच. जेवण गेलं नाही.

२९ जुलै, गुरु.
सर सायकल दामटत आले. "अण्णा, घोटाळा झाला. आभाळ गुलाबट आहे, निळं नाही!" भडकलोच. मान मोडून काम केलं होतं. मग त्यांनी समजावलं. यानातला कॅमेरा लाल, हिरव्या, निळ्या काचेतून वेगवेगळे फोटो घेतो. इथं पृथ्वीवर माणसं ते एकावर एक बसवून रंग जुळवतात. पहिल्यांदा जुळवताना आभाळ निळसर आलं.
"मग चुकलं हे कळलं कसं?"
यानावर रंगांची पट्टी लावलीय. तिचे रंग आधीपासून ठाऊक. फोटोत पट्टी खरी दिसेपर्यंत रंग हलवायचे, मग बाकीचंही खरं येतं.
सर गेले तसा घरात जाऊन भिंतीपुढं उभा राहिलो. सरूचा फोटो मीच रंगवलाय, ती गेली त्या वर्षी. चेहऱ्याला माझी एकच गोऱ्या रंगाची ट्यूब, आख्ख्या तालुक्याला तीच. सावळं माणूस सावळं रंगवलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. हात सवयीनं तिकडंच गेला असणार.
सरू सावळी होती का? डोळे मिटले की भिंतीवरचाच चेहरा येतो. स्वतःच्या बायकोचा रंग आठवेना. लाज वाटते.

१ ऑगस्ट, रवि.
यवतला मेव्हण्याकडे जाऊन तडक विचारलं. हसायलाच लागला. "इसरला का काय, दाजी? आक्का सावळीच व्हती. लीलाचा हात बघितला की मला आक्काचाच वाटतो."
"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईस?"
"तुम्ही येवढा हौसेनं रंगवलेला. म्हणलं, असू द्या."
एसटीत जागा होती, तरी उभाच राहिलो.

२ ऑगस्ट, सोम.
फोटो उतरवला. निगेटिव्ह बुरशीनं कधीच गेली, ही एकच प्रत. टर्पेंटाइनचा कापूस कोपऱ्यात फिरवून बघितला. रंग निघतोय. पण चेहऱ्यावरच कागद सोलला तर? सरू दुसऱ्यांदा जायची.
"आईचा फोटो कुठं गेला?" लीला. म्हणलं, काच पुसतोय. खोटं.

८ ऑगस्ट, रवि.
मंगळ शाळेत पोचवला, गुलाबी आभाळासकट. रविवार असून प्रदर्शन मांडायला आलेली पोरं हसली. "असलं आभाळ असतं व्हय?"
दुपारी देवाचं नाव घेऊन सरूचा चेहरा पुसला. कागद शाबूत. कपाळावरचं गोंदण तसंच. नुसती करडी सरू. बघून रडलो, खोटं कशाला लिहू.
तांबडा, पिवळा, तपकिरी काढून ठेवलेत. पण कुठला किती, ते पोरीचा चेहरा समोर असल्याशिवाय कळायचं नाही. लीलाला म्हणलं, उद्या सकाळी खिडकीपाशी बस माझ्यापुढं. पावडर लावू नको.
"कशाला, आबा?"
अजून सांगितलेलं नाही. इतकी वर्षं तिची आई तिच्यापासून मीच पुसली, हे कुठल्या तोंडानं सांगू?