मधलं माणूस राहून गेलं

धावड्याच्या उषाबाईला तिच्या थोरल्या भैनीचा, जालन्याहून गयाबाईचा, अंगठ्यासगट आशीर्वाद.

तुझा खोकला, तुझी म्हैस आन् तुझी सून, तिघांची तब्येत कशी हाय ते कळव. म्हशीचं आधी कळव. मी इकडं बराबर हाय. पत्र मी सांगून राह्यले आन् नात आकांक्षा लिहून राह्यली (आजी बोलते तसंच लिहिते आहे, माझ्या शुद्धलेखनाला कोणी हसू नये. – आकांक्षा). तिकडं तुझी नातसून भावना वाचून दाखवंल. भावना, जिथं मी तुझ्या सासूबद्दल बोलंन तिथं हळू वाच, बाकीचं मोठ्यानं वाच, उषीला कमी ऐकू येतं. फोन का न्हाई केला म्हणशील, तर आमच्या घरात माझा फोन मोठ्या आवाजावर ठेवून सगळे मिळून ऐकतात. मी नुसती खाकरले तरी सूनबाई आतून 'हळद घ्या' म्हणते.

तर झालं असं. आमचा केदार, आकांक्षीचा भाऊ, घरी बसूनच कम्प्युटरवर नोकरी करतो (कामाचं कमी, भलतंच जास्त). एक दिवस म्हणे, आजी, माणसाला जल्मात किती माणसं भेटतात याचा अंदाज काढता येतो. रोजची तीन नवी माणसं धरायची, वर्षानं आन् वयानं गुणायचं, की ऐंशी हजार. मी म्हणलं, मंग माझे काढ. तर मला वरून खालून पाहून म्हणतो, तुझे फार तर हजार-दोन हजार, तू वाटूर गाव सोडून गेलीसच कुठं. आन् त्याचा कायदा ऐक: ज्याचं नाव तुला ठाऊक तोच भेटला, बाकीचे नुसते दिसले.

उषे, या कायद्यानं तर माझे हजारही भरंनात. आपल्याला बायांची नावं कुठं ठाऊक असतात? कोणी अंगदची माय, कोणी बोळातली काकू, कोणी ती पानतंबाखूवाली. ज्या बाईनं माझी तिन्ही बाळंतपणं केली ती नुसती 'सुईण'. आन् मामंजी? पदराखालून मला त्यांचे पाय तेवढे दिसायचे. वारले तवा चेहरा पाह्यला आन् मनात आलं, हे कोण पाव्हणे. आता इथं तिसऱ्या मजल्यावर आणून बसवलंय, तर खिडकीतून खाली जाणाऱ्याची टाळू दिसते. जवानीत पाय पाह्यले, म्हातारपणी टाळू पाहून राह्यले, मधलं माणूस राहूनच गेलं.

एवढंही मी गिळलं असतं. पण तो पोट्टा जाता जाता म्हणला, तुझी नवी माणसं भेटायची आता संपली आजी, आलेख सपाट झाला. आलेख काय असतो मला ठाऊक न्हाई, पण सपाट कशाला म्हणतात ते मला समजतं. तवापासून बूड एका जागी ठरंना. न्हाणीत पाय घसरल्यापासून आमचा दादा (माझे बाबा, बँकेत असतात. – आकांक्षा) मला एकटीला उंबऱ्याबाहेर पडू देत न्हाई. मी या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून गॅलरीत. सूनबाई म्हणली, आत्या, बसा की, फरशी झिजंल.

मंग एका दुपारी गॅसवाला आल्ता. दार उघडं, सूनबाई टाकीपाशी. मी चपला हातात घेऊन खाली. रिक्षावाल्यानं इचारलं, कुठं जायचं? मी म्हणलं, माणसं जास्त असतील तिथं सोड. शहाणा व्हता, त्यानं एमआयडीसीत एका सळयांच्या कंपनीच्या फाटकापुढं सोडलं. तितक्यात भोंगा झाला आन् माणसाचा लोंढाच बाहेर आला. कोणी फटफटीवर, कोणी टेम्पोत, समदे काळेकुट्ट. मी चहाच्या टपरीवर बसून एकेकाला अडवायला लागले. कोण्या गावचा रं? नाव काय? सांगितलं की बोट मोडायचं. हाताची संपली म्हून पायाची मोडली. बबलू नावाचा एक बिहारकडचा मिशीवाला तर शेजारी बसून उलटं मलाच इचारून राह्यला, दादी, चाय पी? उषे, इतकी खूष तर मी लेकाच्या लग्नातही नव्हते.

पण ऊन कललं आन् टपरीवाल्या बद्रीनाथानं इचारलं, माय, घर कुठं? आता घर कुठं ते मला काय ठाऊक? बिल्डिंगीचं नाव साई का काही, तशा तर जालन्यात गल्लोगल्ली. आडनाव सांगितलं, तर बद्रीनाथ म्हणला माझंही तेच. मालकाचं नाव सांगा म्हणले. आता ते मी जिवंतपणी घेतलं न्हाई, मेल्यावर कसं घेऊ (पुंजाराम. – आकांक्षा). लेकाचं सांगा. ते तर मामंजींचं ठेवलेलं, म्हून तर मी दादा म्हणते (श्रीपती. – आकांक्षा). आकांक्षे, तू मधी मधी काय खरडून राह्यली ते मला कळतंय बरं.

मंग मी म्हणलं, खुणा सांगते, तुम्ही वळखा. मालकाचं: खळ्यावर धान्याचा लावतात तो, आन् पुढं देव. झालं, पाळी सुटलेली अख्खी कंपनी घरी जायची थांबली. कोणी म्हणलं गंजीराम, कोणी कडबाराम, एक चष्मेवाला साहेब म्हणला ढीगराम. शेवटी बद्रीनाथानं हळूच म्हणलं आन् माझा पदर आपसूक तोंडावर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ते तर वर गेलेले, ते काय मला न्यायला येणार. मंग लेकाची खूण: लक्ष्मीचा मालक, बँकेत असतो. विष्णू झालं, नारायण झालं, लक्ष्मीकांत झालं. एक जण म्हणला, बँकेत हाय तर मालक न्हाई, राखणदार असंल. तवा मागून एक पोरगा बोलला, आमच्या पगाराच्या बँकेत श्रीपतीसाहेब हायेत, पण ते लई खेकसतात.

म्या म्हणलं, "तोच माझा."

पोरानं बँकेत फोन लावला. दादा आला तो घामानं भिजलेला. फाटकावरची गर्दी पाहून आधी त्याला वाटलं, मी गाडीखाली आले. मी दिसल्यावर तिथंच खाली बसला आन् म्हणला, "आई, नुसतं माझं नाव सांगायचं होतंस गं." मी म्हणलं, तुझ्या आज्याचं नाव मी कसं घेऊ? बबलूनं त्यालाही चहा पाजला.

घरी येऊन केदारला बोटं दाखवली. म्हणला, हे धरतो आजी, पण एवढ्यानं आलेख वर जात न्हाई. आन् दुसऱ्या दिवसापासून दाराला वर, माझा हात न पोचंल तिथं, नवी कडी. आता गॅसवाल्याच्या दिवशी सूनबाई मला देवघरात बसवते. दादाचं चुकलं असं मी म्हणत न्हाई. तुझ्या सुनेसारखी ही टाकून बोलत न्हाई (भावना, हे हळू). पण कडी ती कडीच.

बाकी सगळं ठीक. लेकरांना गोड पापा.

तुझी थोरली,
गयाबाई (अंगठा)

ता. क. – उषे, तू आजारी पड. मरायला टेकली म्हणू नको, दादा मोठा डाक्टर घेऊन येईल. गुडघा धरला, उठबस होईना, थोरलीला धाडा, एवढंच फोनवर बोल. आवाज मोठा असतोच, सगळे ऐकतील. मी रडते.

दुसरा ता. क. – बराबर हाय असं मी वर लिहिलं ते पत्राची रीत म्हून. इथं घास गोड लागत न्हाई. धावड्यात मला न भेटलेलं कोण कोण हाय ते इचारून ठेव. जल्दी.

तिसरा ता. क. – उषाआजी, आजीला वाचता येत नाही म्हणून हे शेवटी लिहिते. पाकीट चिकटवताना बाबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. मला वाटलं, खेकसतील. ते दाराशी जाऊन वरची कडी स्क्रूड्रायव्हरनं काढत बसले. सोमवारी ते स्वतः आजीला धावड्याला सोडणार आहेत, कारनं नाही, एसटीनं. कारमध्ये तिला कोण भेटणार, म्हणाले. पण हे तिला कळू देऊ नका, आपणच सगळ्यांना फसवून आलो असं तिला वाटलं पाहिजे. तेव्हा फोन कराच आणि नीट कण्हा. रजेच्या अर्जात बाबांनी 'मावशीचा डावा गुडघा' असं लिहून टाकलंय, तेवढं सांभाळा. – आकांक्षा